विश्लेषण : फोनवरचा ‘सिद्धगड’ नीट कुणामुळे दिसतो? निवृत्त झालेले सॉफ्टवेअर अजून कामावर का आहे?

मराठी अक्षरे पडद्यावर जुळवून देणारे ‘आयसीयू लेआउट इंजिन’ हे मुक्त सॉफ्टवेअर २०१४ मध्ये कालबाह्य ठरवले गेले आणि २०१६ मध्ये हटवण्यात आले. त्याची जागा ‘हार्फबझ’ने घेतली. तरीही एखाद्या दाखल्यावर, प्रमाणपत्रावर किंवा फिरत्या चित्रसंदेशात मराठी जोडाक्षरे आजही फुटलेली दिसतात. असे का होते आणि त्यात कोणाचे काय बिघडते, याचा आढावा.

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे हौतात्म्यस्थळ. २ जानेवारी १९४३ रोजी ब्रिटिश पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघांना वीरमरण आले. दरवर्षी याच तारखेला तेथे बलिदान दिन पाळला जातो आणि मुरबाड, शहापूर, कर्जत परिसरातील फोनांवरून अभिवादनाचे संदेश फिरतात. हा संदेश २०१० च्या आसपासच्या एखाद्या स्मार्टफोनवर उघडला असता तर ‘सिद्धगड’च्या जागी रिकामे चौकोन दिसण्याची किंवा पाय मोडलेला ‘द’ आणि त्याच्या शेजारी सुटा ‘ध’ दिसण्याची शक्यता मोठी होती. आज तो शब्द जवळपास कोणत्याही फोनवर नीट वाचता येतो. हा बदल केवळ नव्या फोनमुळे झालेला नाही. अक्षरे जुळवणारे जुने सॉफ्टवेअर बाजूला करून नवे आणण्याचे काम अनेक वर्षे चालले, त्याचा हा परिणाम आहे.

‘सिद्धगड’ लिहिल्यावर फोनमध्ये काय घडते?

फोन किंवा संगणक शब्द साठवतो तो चित्र म्हणून नव्हे, तर युनिकोडच्या संकेतांची माळ म्हणून. ‘सिद्धगड’साठी अशा सात संकेतांची नोंद होते : स, ऱ्हस्व वेलांटी, द, पाय मोडण्याचे चिन्ह, ध, ग आणि ड. उच्चारात ‘स’ आधी येतो आणि वेलांटी नंतर, म्हणून साठवणुकीतही तोच क्रम असतो.

पडद्यावर मात्र वेलांटी ‘स’च्या डावीकडे न्यावी लागते. ‘द’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ‘ध’ या तिघांचे मिळून ‘द्ध’ हे एकच रूप करावे लागते. म्हणजे सात संकेतांमधून पाच आकृत्या तयार होतात आणि त्यांचा क्रमही बदलतो. रोमन लिपीत साधारणपणे एका अक्षराला एक आकृती पुरते, त्यामुळे तेथे हा खटाटोप फारसा नाही. देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी अशा लिप्यांना तो अटळ आहे.

फॉन्टमध्ये आकृत्या असतात आणि त्या जोडण्याचे नियमही असतात. पण ते नियम वाचून प्रत्यक्ष जुळवणी करणारे सॉफ्टवेअर वेगळे असते. त्याला अक्षरजोडणीचे इंजिन म्हणता येईल. ते नसेल किंवा कच्चे असेल, तर उत्तमातला उत्तम मराठी फॉन्टही निरुपयोगी ठरतो.

आयसीयू लेआउट इंजिन काय होते?

सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणजे एकदा लिहून ठेवलेले आणि अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारे तयार काम. प्रत्येक अॅप बनवणारा देवनागरीचे नियम नव्याने लिहीत बसत नाही, तो अशी लायब्ररी जोडून घेतो. ‘आयसीयू’ ही अशीच एक मोठी लायब्ररी. हे नाव ‘इंटरनॅशनल कंपोनंट्स फॉर युनिकोड’चे लघुरूप आहे, रुग्णालयातील अतिदक्षता विभागाशी त्याचा संबंध नाही. ‘आयबीएम’ने १९९९ मध्ये ती मुक्त स्रोत म्हणून खुली केली. तारखा, संख्या, शब्दांचा अकारविल्हे क्रम अशा अनेक गोष्टी जगातील भाषांसाठी ती सांभाळते आणि आजही जोमात आहे. २०१६ पासून ती युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली आहे.

निवृत्त झाला तो तिचा एक भाग, म्हणजे अक्षरे जुळवणारे लेआउट इंजिन. जावा, लिनक्सवरील लिब्रेऑफिस, छपाईसाठी वापरली जाणारी झीटेक प्रणाली अशा अनेक ठिकाणी एकेकाळी हेच इंजिन काम करत होते. भारतीय लिप्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दिसू लागल्या, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

मग ते बंद का करावे लागले?

पहिले कारण देखभालीचे. अक्षरजोडणी हे एकदा करून संपणारे काम नाही. नवे फॉन्ट येतात, युनिकोडमध्ये नवी अक्षरे येतात, फॉन्टच्या नियमांचे स्वरूप बदलते. देवनागरीचेच उदाहरण घेतले तर ओपनटाइप फॉन्टमध्ये या लिपीसाठी एक जुनी आणि एक नवी अशा दोन नियमपद्धती आहेत आणि इंजिनाला दोन्ही सांभाळाव्या लागतात. आयसीयूच्या या भागावर सातत्याने काम करणारे हात उरले नव्हते.

दुसरे कारण सुरक्षेचे. फॉन्ट ही दिसायला निरुपद्रवी फाइल असली, तरी वेबपान किंवा दस्तऐवजाबरोबर ती बाहेरून येऊ शकते. मुद्दाम बिघडवलेला फॉन्ट वाचताना इंजिन चुकले, तर हल्लेखोराला संगणकात शिरण्याची फट मिळते. २०१३ मध्ये जावाच्या सुरक्षा दुरुस्त्यांमध्ये या इंजिनातील अशा अनेक फटी बुजवाव्या लागल्या. नवे काम थांबले आहे, पण फटी सापडतच आहेत, अशी लायब्ररी कोणालाच परवडत नाही.

तिसरे कारण म्हणजे तोपर्यंत सरस पर्याय तयार झाला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या आयसीयूच्या ५४ व्या आवृत्तीत हे इंजिन कालबाह्य ठरवले गेले आणि वापरणाऱ्यांना हार्फबझकडे जाण्याचा सल्ला दिला गेला. ऑक्टोबर २०१६ च्या ५८ व्या आवृत्तीतून ते काढूनच टाकले गेले.

हार्फबझ म्हणजे काय?

हे नाव फारसीतले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. ‘ओपनटाइप’ या फॉन्ट-पद्धतीच्या नावाचे ते फारसी भाषांतर आहे. मूळचे इराणचे प्रोग्रॅमर बेहदाद इस्फहबोद यांनी हा प्रकल्प पुढे नेला. त्याआधी लिनक्सवरील पँगो आणि क्यूटी या दोन प्रकल्पांकडे एकाच मूळ कोडच्या दोन वेगळ्या प्रती होत्या आणि एकीतली दुरुस्ती दुसरीत पोहोचत नसे. ते काम एकत्र आणण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे सगळे इंजिन नव्याने लिहिले गेले. पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली.

भारतीय लिप्यांसाठी त्याची चाचणी कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. विकिपीडियातील मजकुरातून भारतीय भाषांच्या शब्दांच्या याद्या काढण्यात आल्या. प्रत्येक शब्द हार्फबझ कसा जुळवते आणि विंडोजचे तेव्हाचे इंजिन कसा जुळवते, याची तुलना करून फरक शोधले गेले. चुका कमी करत करत काम पुढे सरकले. म्हणजे विकिपीडियावर आपापल्या भाषेत लिहिणाऱ्या स्वयंसेवकांचा मजकूर या कामात कसोटीचा दगड ठरला.

आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि जावा यांत हार्फबझ आहे. अॅडोबीच्या फोटोशॉपसारख्या व्यावसायिक सॉफ्टवेअरनेही ते स्वीकारले आहे. ग्रामीण भागात पोहोचलेल्या जिओफोनची कायओएस प्रणालीही फायरफॉक्सच्या गेको इंजिनावर उभी आहे, आणि गेकोतही अक्षरे हार्फबझच जुळवते.

बदल एका रात्रीत झाला का?

नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एखादी लायब्ररी काढण्याचा हुकूम सोडणारी कोणतीही मध्यवर्ती कचेरी नसते. प्रत्येक प्रकल्पाला स्वतः हलावे लागते. झीटेकने २०१३ मध्ये हार्फबझ घेतले. लिब्रेऑफिसने जुलै २०१३ च्या ४.१ आवृत्तीत ते फक्त लिनक्सवर आणले. विंडोज आणि मॅकवर वेगळीच इंजिने चालत असल्याने एकच मराठी कागद तीन संगणकांवर तीन प्रकारे मांडला जाण्याची अडचण राहिली. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीत तिन्हीकडे हार्फबझ आल्यावर ती दूर झाली. जावाने सप्टेंबर २०१७ च्या नवव्या आवृत्तीत हार्फबझ आणले.

हे सोपे व्हावे म्हणून एक पूलही बांधला गेला. हार्फबझच्या चमूने अशी एक छोटी जोड-लायब्ररी केली, जी बाहेरून जुन्या आयसीयू इंजिनासारखीच वागते, आत मात्र सगळे काम हार्फबझ करते. ज्यांना आपला प्रोग्रॅम नव्याने लिहिणे शक्य नव्हते, त्यांना जुना भाग काढून तेथे हा बसवता आला. जुने काढताना आधी पर्याय सिद्ध करणे, मग मुदत देणे, वाटेत पूल ठेवणे आणि शेवटी कोड हटवणे असा हा क्रम होता.

मग काही दाखल्यांवर अक्षरे अजून का फुटतात?

याचे उत्तर ‘निवृत्त’ या शब्दातच दडले आहे. मूळ प्रकल्पातून लायब्ररी गेली, म्हणून ती इतर प्रोग्रॅमच्या पोटातून जात नाही. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ या आवृत्तीत जुने आयसीयू इंजिन आहे. ही आवृत्ती मोठ्या संस्थांमध्ये फार काळ टिकली आणि ‘ओरॅकल’ने तिच्यासाठीची विस्तारित, सशुल्क मदत डिसेंबर २०३० पर्यंत ठेवली आहे. म्हणजे २०१६ मध्ये हटवलेल्या इंजिनाची प्रत त्यानंतरही पुढची कैक वर्षे कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालू राहणार.

दुसरी अडचण अशी की, काही साधने अक्षरजोडणीचे इंजिन वापरतच नाहीत. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररी फॉन्टमधील आकृती उचलतात आणि संकेतांच्या क्रमानेच एकापुढे एक ठेवतात. इंग्रजी मजकूर त्यांत अचूक येतो, म्हणून चाचणीत कोणाला काही खटकत नाही. मराठी नाव आले की वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो.

चित्रसंदेशांचेही असेच आहे. पायथन भाषेत चित्रांवर मजकूर लिहिण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘पिलो’ ही लायब्ररी दोन प्रकारे मजकूर मांडू शकते. साध्या पद्धतीत देवनागरी फुटते, ‘राक्म’ ही जोड घेतली तर काम हार्फबझकडे जाते आणि मजकूर नीट येतो. शेकडो प्रमाणपत्रे एका झटक्यात बनवणाऱ्याला हा फरक माहीत नसेल, तर शेकडो नावे एका झटक्यात बिघडतात.

यात नुकसान नेमके कोणाचे?

येथे एक गोष्ट वेगळी करून पाहायला हवी. पडद्यावर शब्द फुटला, तरी आत साठवलेली माहिती बहुतेकदा अचूक असते. इंजिन बदलले की तोच शब्द आपोआप नीट दिसू लागतो. खरे नुकसान सुरू होते ते दिसणाऱ्या चुकीवर हाताने उपाय केला जातो तेव्हा. वेलांटी उजवीकडे दिसते म्हणून ती आधी टंकली, तर त्या दिवशी कागद बरा दिसतो, पण साठवलेला क्रम कायमचा चुकतो. पुढे चांगले इंजिन आल्यावर हेच नाव बिघडलेले दिसते आणि शोध घेतल्यावर सापडत नाही. शिधापत्रिका, शाळेचा दाखला, जमिनीची नोंद अशा कागदांवरील नावे एकमेकांशी जुळवण्याची वेळ येते, तेव्हा ही चूक माणसाच्या अंगावर येते. कागद घेऊन तालुक्याच्या गावी हेलपाटे मारणाऱ्याला लायब्ररीचे नावही माहीत नसते.

अर्थही बदलू शकतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल घळी. माळशेजपासून माहुलीपर्यंतच्या मुलखात या दोन शब्दांची गफलत कोणी करणार नाही, पण रफार आणि ‘ऱ्य’ यांतील फरक न कळणारे सॉफ्टवेअर ती करू शकते.

मराठीच्या काही वेगळ्या गरजा आहेत का?

आहेत. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत : एक नुक्त्याचा ‘र’ वापरून, दुसरा साध्या ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. चांगले इंजिन दोन्ही सारखेच दाखवते, पण आत साठवलेले संकेत वेगळे असल्याने साध्या शोधात एक सापडतो आणि दुसरा सुटतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीपासून आणि आजही अनेक जण ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात, त्यामुळे तेथेही हाच घोळ आहे.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि जोडाक्षरांचे प्रमाणीकरण केले. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पण मजकूर मराठीचा आहे, हे अॅपने इंजिनाला सांगितले तरच मराठी वळण निवडले जाते. न सांगितल्यास ‘शहापूर’मधला ‘श’ हिंदी वळणाचा येऊ शकतो. येथे लायब्ररी सक्षम असते, तिला भाषा कळवायचे तेवढे राहून जाते.

कार्यालये, शाळा, ग्रामपंचायतींनी काय पाहावे?

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्याला त्यातील कोड वाचता येण्याची गरज नाही. ताबा घेण्यापूर्वी ‘सिद्धगड’, ‘सह्याद्री’, ‘डोंगरदऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘विद्यार्थी’, ‘कार्यालय’, ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मी’ असे शब्द त्यात भरावेत. ते पडद्यावर, छापील कागदावर आणि पीडीएफमध्ये अशा तिन्ही ठिकाणी तपासावेत. पीडीएफमधला शब्द उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावा आणि शोधूनही पाहावा. केवळ पडद्यावर नीट दिसले म्हणून मान्यता देऊ नये.

करारात दोन कलमे असावीत. वापरलेल्या मुक्त लायब्ररींची आवृत्तीसह यादी मिळावी आणि त्यांपैकी एखादी बंद झाल्यास ती बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरावे. ही गरज केवळ अक्षरांपुरती नाही. नोंदी ठेवण्यासाठी जावामध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘लॉगफोरजे’ लायब्ररीची पहिली मालिका ऑगस्ट २०१५ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या दुसऱ्या मालिकेत गंभीर त्रुटी सापडल्यावर जगभरच्या संस्था आपल्याकडे नेमकी कोणती मालिका कुठे आहे हे शोधू लागल्या. तेव्हा सहा वर्षांपूर्वी बंद झालेली पहिली मालिका अनेक ठिकाणी चालूच असल्याचे दिसले. यादी नसेल तर शोध घ्यायचा तरी कुठून, हा प्रश्न तेव्हा सर्वांनाच पडला.

बदल करताना एक सावधगिरी हवी. नवे इंजिन आल्यावर शब्दांची रुंदी किंचित बदलू शकते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटू शकतात आणि एका पानात बसणारा अर्ज दुसऱ्या पानावर जाऊ शकतो. जुने नमुने त्यामुळे पुन्हा तपासावे लागतात. जुन्या नोंदींमध्ये उलट्या क्रमाने टंकलेल्या वेलांट्या असतील, तर त्या शोधून दुरुस्त करण्याचे काम याच वेळी उरकणे शहाणपणाचे.

आता सारा भार एकाच लायब्ररीवर?

बऱ्याच अंशी हो. अॅपलची स्वतःची व्यवस्था वेगळी आहे आणि विंडोजचे स्वतःचे इंजिनही आहे. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात आणि अँड्रॉइडवर हार्फबझ जवळपास एकटे आहे. त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती सर्वत्र पोहोचते, आणि चूक झाली तर तीही सर्वत्र पोहोचते. शिवाय हे काम करणारे तज्ज्ञ जगभरात मोजकेच आहेत.

पुढच्या बदलाची चाहूलही लागली आहे. फॉन्ट वाचण्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ‘फ्रीटाइप’ लायब्ररीच्या जागी क्रोमने ‘रस्ट’ भाषेत लिहिलेली ‘स्क्रिफा’ आणली आहे. स्मृतीच्या हाताळणीतील चुकांमुळे पडणाऱ्या सुरक्षेच्या फटी या भाषेत मुळातच कमी राहतात. हार्फबझचीही ‘हार्फरस्ट’ ही रस्टमधील आवृत्ती आकाराला येत आहे. म्हणजे आज नवे वाटणारे सॉफ्टवेअरही कधीतरी जुने होणार.

त्या वेळी मराठीची बाजू मांडायला कोणी असावे लागेल. महाराष्ट्राकडे यासाठी माणसे आणि अनुभव आहेत. भारतीय भाषांच्या संगणकीय वापरावर ‘सी-डॅक’ने पुण्यातून दीर्घकाळ काम केले. ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट ‘रेड हॅट’च्या पुण्यातील चमूने सांभाळले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे मुक्त देवनागरी फॉन्ट दिले. फॉन्टच्या बाबतीत जे झाले, ते अक्षरजोडणीच्या इंजिनाबाबत पुरेसे झालेले नाही. मराठीच्या अवघड शब्दांच्या याद्या तयार करणे, नव्या आवृत्त्या त्यांवर तपासणे आणि चूक दिसली की मूळ प्रकल्पाला कळवणे, ही कामे एखाद्या विद्यापीठाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवाक्यातली आहेत. त्यासाठी परवानगी लागत नाही आणि परवान्याचे शुल्कही नाही. ती वेळेवर झाली, तर पुढच्या बदलात मराठी नावे कागदावर बिघडून मग दुरुस्त होण्याऐवजी, बदल लागू होण्याआधीच तपासली गेलेली असतील.